कोकणातली जुनी घरं: पाडण्याआधी काय काय टिपून ठेवायचं?

आगरातली

दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला आमचं गाव. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा गावातल्या बहुतेक घरांची कौलं उडाली, माड आणि पोफळी आडव्या झाल्या. डोक्यावर पाऊस होता, त्यामुळे घाईघाईत पत्रे चढले ते तसेच राहिले. आता त्या पत्र्यांखालची घरंही एकेक करून उतरवतायत आणि स्लॅब पडतायत.

ज्यांना बारा महिने तिथे राहायचंय त्यांनी स्लॅब घालू नये असं सांगायचा मला अधिकार नाही. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायला, माणूस मिळत नाही, वानरं कौलांवर नाचतात, पावसात दर चार हातांवर एक टोप ठेवावा लागतो. हे सगळं मी बघितलंय. पण घराबरोबर घराची माहितीही जाते, आणि ती कुणीच लिहून ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमचं घर पुढच्या वर्षी उतरवायचं ठरलंय. म्हणून हा धागा.

घर चौपाखी आहे, म्हणजे छपराला चार पाखं, चार बाजूंना उतार. अंगणातून पायऱ्या चढलं की पडवी, मग ओटी, मग माजघर. माजघराच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची खोली आणि कोठी. मागे स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर, आणि त्यापलीकडे आगर, म्हणजे माड-पोफळींची बाग. माजघराला खिडकी नाही. जिथे वर माळा नाही तेवढ्या भागात छपरात एक काचेचं कौल आहे, तेवढाच उजेड. उन्हाचा चौकोन सकाळी कोठीच्या दारावर असतो आणि जेवणवेळेला जात्यापाशी उतरतो. आजी घड्याळाकडे न बघता त्यावरून पानं घ्यायची.

भिंती मात्र एकसारख्या नाहीत. माजघराच्या मातीच्या, हातभर जाड. ओटीच्या आणि पडवीच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. स्वयंपाकघर सिमेंटचं. घरात सगळे सांगतात की घर दीडशे वर्षांच्या वर आहे, कारण कौलावर 1865 साल आहे. पण मग ओटी आणि माजघर एकाच वेळचं कसं? जाणकारांनी सांगावं, घराचं वय काढतात कसं? आणि पाडण्याआधी काय काय टिपायला हवं?

मालवणी_खळा

आमच्या कौलार पण 1865 लिवलला आसा! आमचे आजोबा सांगायचे, घर त्याच वर्साक बांधला म्हणून. वाचतंय, लिवा कोणीतरी.

चिरेबंद

धागा फार वेळेवर काढलात, ताई. मी बांधकामातला माणूस आहे, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. आधी त्या 1865 बद्दल.

ते साल घराचं नाही आणि त्या कौलाचंही नाही, ते कारखान्याचं आहे. बासेल मिशन या मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळूरला नेत्रावतीच्या काठी 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या कौलांवर ते साल छापलं. म्हणजे कौल त्या सालानंतरचं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी बासेल मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि नंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे कौलावर 'बासेल मिशन' आहे की 'कॉमनवेल्थ' हे आधी बघा. त्यावरून निदान महायुद्धाच्या अलीकडचं की पलीकडचं हे कळेल. एक कौल बघून थांबू नका. पाखं परतताना फुटलेल्या कौलाच्या जागी मिळेल ते बसवलेलं असतं, एका छपरात चार कारखान्यांची कौलं सापडतात. सर्वांत जास्त कोणती आहेत आणि पावसाच्या बाजूला कोणती आहेत ते वेगळं लिहा.

शिवाय छप्पर म्हणजे घर नव्हे. मंगळुरी कौल येण्याआधी गावोगावचे कुंभार करायचे ती नळीची कौलं होती, आणि त्याआधी बऱ्याच घरांवर गवत नाहीतर भाताचा पेंढा. वरचं बदललं तरी खालचे वासे बहुधा तेच ठेवत. म्हणून वाशांकडे बघा. मंगळुरी कौल रिपेला, म्हणजे वाशांवर मारलेल्या आडव्या पट्टीला, अडकतं, त्यामुळे रिपा ठरावीक अंतरावर, साधारण फूटभराने मारलेल्या असतात. नळीचं कौल कशाला अडकत नाही, ते नुसतं टेकतं, म्हणून त्याच्याखाली बांबू किंवा रिपा दाट लागत. आजच्या रिपांच्या मधल्या जागेत वाशांवर दाट जुन्या खुणा, भोकं किंवा सुंभाने घासलेले पट्टे दिसले तर ते वासे आधीच्या छपराचे आहेत. बॅटरीचा उजेड वाशावर आडवा पाडा, समोरून पाडलात तर काही दिसणार नाही.

चिऱ्याचंही तसंच. जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर पडला की कडक होतो. जुना चिरा हाताने काढून हाताने तासलेला, त्यामुळे त्याच्या अंगावर तिरके छोटे घाव दिसतात आणि दोन चिरे मापाला अगदी सारखे नसतात. हल्लीचा यंत्राचा चिरा, त्यावर पात्याच्या सरळ रेघा. सांध्यात माती आहे, चुना आहे की सिमेंट, तेही टोकरून बघा. तुमच्या वर्णनावरून मला असं वाटतं की मातीचं माजघर आणि त्याच्या मागचा काही भाग हे मूळ घर. हातात पैसा आला तेव्हा पुढे चिऱ्याची ओटी-पडवी काढली आणि सगळ्यावर मिळून नवं छप्पर केलं. पक्कं सांगायचं तर ओटीची भिंत माजघराच्या भिंतीला जिथे मिळते तो कोपरा बघा. एकत्र बांधलेल्या भिंतींचे थर एकमेकांत गुंतलेले असतात. मागाहून जोडलेल्या भिंतीत सरळ उभी फट असते, गिलावा केला तरी काही वर्षांनी ती पुन्हा उघडते.

आगरातली

ओटीच्या कोपऱ्यात ती उभी फट आहे! दर वर्षी गणपतीआधी आम्ही ती बुजवतो आणि पुढच्या वर्षी परत दिसते. भिंत खचते असंच सगळे म्हणायचे.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणजवळच्या खेड्यातला आहे. चिरेबंद यांनी लिहिलंय त्याला माझ्याकडून लाकडाची भर.

आमच्या वाडीतले सुतारकाका अजून आहेत, वय झालंय पण हात लावला की लाकूड ओळखतात. आमच्या घराचे खांब किंजळाचे, वासे ऐनाचे, दारं फणसाची. साग फक्त तुळईला. काका म्हणतात, घर बांधायचं तर आधी रानात फिरून झाड हेरायचं, मग तोडायचं, मग ते वाळू द्यायचं, आणि मग घराचा विचार करायचा. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे खिळा नाही. एकात खोबण, दुसऱ्याचं टोक त्यात, आणि आडवी लाकडी खुंटी. ती खुंटी ठोकून काढली की अख्खा सांगाडा सुटा होतो. आमचं घर अशा रीतीने एकदा जागेवरून उचलून वरच्या अंगाला नेलेलं आहे, वहाळाचं पाणी चढायचं म्हणून. म्हणजे लाकूड एका काळातलं, जोतं दुसऱ्या काळातलं. वय काढताना हेही ध्यानात ठेवा.

दुसरं चुलीबद्दल. गॅस आल्यावर घरं लवकर किडायला लागली असं काकांचं ठाम म्हणणं आहे. चुलीचा धूर माळ्यातून वर जायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. वासे काळे कुळकुळीत व्हायचे, पण त्या काजळीत भुंगा आणि वाळवी धरत नसे. स्वयंपाकघरावरचे वासे आणि ओटीवरचे वासे शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक हाताला लागतो.

आणि 11 डिसेंबर 1967. कोयनेचा भूकंप आमच्याकडे जबर जाणवला. भिंतींना तडे गेले, काही मातीच्या भिंती बसल्या. त्यानंतर बऱ्याच घरांनी मातीच्या जागी चिरा केला. तुमच्या भागात असं काही झालं होतं का, म्हाताऱ्या माणसांना विचारा. भूकंप, वादळ, मोठा पूर यांच्या पुढेमागे घराच्या बांधकामात काहीतरी बदललेलं असतं, आणि लोकांना साल आठवत नसलं तरी 'भूकंपानंतर केलं' हे नक्की आठवतं.

अंत्रुजकार

फोंड्याहून. आमच्या मोठ्या घरांना मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक, असतं, त्यामुळे आतल्या खोल्या इतक्या अंधाऱ्या नसतात. काच महाग असताना खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसवत, दुधी उजेड येतो. जुन्या घरात अजून आहेत. फुटले की नवे मिळणं कठीण, म्हणून घर पाडताना कोणी टाकत असेल तर मागून घ्या.

गिरणगावचा_नातू

धागा पहिल्यापासून वाचतोय. एक गोष्ट मनात आहे ती लिहितो, कोणावर राग म्हणून नाही.

वर ज्या घरांचं वर्णन आलं, ओटी-माजघर-देवघर-कोठी, ती गावातली थोडी घरं. आमची कुणबीवाडी टेकडीच्या अंगाला. माझ्या पणजोबांचं घर म्हणजे कारवीचा कूड, म्हणजे काठ्यांची भिंत, त्यावर शेणमातीचा लेप, वर पेंढा. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला बैल, मधे अर्धा कूड. दर वर्षी पावसाआधी पेंढा बदलायचा. अशा घरावर साल कुठे छापलेलं असणार? ते पडलं की मातीत माती. म्हणून जुनी घरं म्हटलं की खोताचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचं, घर डोळ्यांपुढे येतं आणि आमच्या लोकांना घरंच नव्हती असं वाटायला लागतं.

आमचं घर कुडाचं का राहिलं याला कारण फक्त गरिबी नव्हे. घराखालची जागा खोताची. पक्की भिंत बांधायची, आणि उद्या खोताची मर्जी फिरली तर? आजी सांगायची, खोताच्या घरी वेठीला जावं लागे, शाकारणीच्या दिवसांत आधी त्याचं छप्पर आणि मग आपलं. पाऊस तोवर थांबत नसे. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्याच काळात इकडे कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप चालू होता, तो सहा वर्षं चालला. प्रत्यक्ष कायदा 1949 चा. कूळ कायदा 1948 चा, आणि त्यात फक्त शेतजमीन नाही, घराखालच्या जागेचाही विचार आहे. कुळाने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या घराखालची जागा मालक विकणार असेल तर घेण्याचा पहिला हक्क कुळाचा, हे त्यातल्या 17 व्या कलमात आहे. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवसापासून कूळ कसत असलेल्या जमिनीचं मालक मानलं गेलं. आमच्या वाडीतली पहिली चिऱ्याची भिंत त्यानंतरची आहे. हा योगायोग नाही.

आणि त्या भिंतीचा पैसा मुंबईचा. आजोबा परळला गिरणीत होते, गाळ्यात दहा-बारा जण, खाणावळीत जेवण, आणि उरलेला पैसा मनिऑर्डरने गावी. पहिल्या वर्षी जोतं, मग दोन वर्षांनी भिंती, मग लाकूड, शेवटी कौलं. कौलं खाडीच्या बंदरात उतरायची आणि बायका डोक्यावरून वर टेकडीवर न्यायच्या. आजीने वाहिलेली कौलं अजून आमच्या छपरावर आहेत. 1982 च्या गिरणी संपानंतर पैसा थांबला, म्हणून मागची पडवी आजही अर्धी आहे. चिऱ्याचे तीन थर, त्यावर कूड.

माझी विनंती एवढीच की टिपायचंच असेल तर गावातल्या सगळ्या वाड्या टिपा. कुणबीवाडी, बौद्धवाडी, सुतारवाडी, धनगरवाडा. शेवटचं कुडाचं घर कोणाच्या आठवणीत आहे, ते कुठे होतं, त्यात कोण कुठे निजायचं, हे विचारायला आता फार थोडी माणसं उरलीत.

आगरातली

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल तुमचे उपकार मानते. आमचं घर खोताचं नव्हतं, पण ब्राह्मणवाडीतलं होतं आणि आमच्या मातीच्या भिंती कोणी उचलल्या, दर वर्षी कौलं कोणी परतली, ही नावं घरातल्या एकाही माणसाला सांगता येत नाहीत. शाकारणीला येणाऱ्या एका काकांचं कुटुंब वरच्या वाडीत अजून आहे. पहिली त्यांच्याकडे जाणार आहे. तुमच्या अर्ध्या पडवीचा फोटो इथे टाकाल का? त्या एका भिंतीत सगळं आहे.

देशावरची

मी लातूर जिल्ह्यातली. आमच्याकडचं घर अगदी वेगळं, धाब्याचं. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खणांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार. दर वर्षी पावसाआधी धाब्यावर आणखी माती चढायची, म्हणजे घर जितकं जुनं तितकं छप्पर जड.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तेच छप्पर आणि त्याच भिंती लोकांच्या अंगावर आल्या. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेत गेली. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत बांधलेला नव्हता, मधे नुसती माती आणि कपऱ्या. भिंत मधोमध फाटली. काही ठिकाणी लाकडी खण उभे राहिले आणि त्याखालची माणसं वाचली. त्यानंतर पुष्कळ गावं नव्या जागी वसवली आणि आमच्या भागात मातीच्या भिंतीची जी भीती बसली ती अजून गेलेली नाही. जुन्या घराबद्दल मलाही माया आहे, पण ती लिहून काढताना घर कुठे कमजोर होतं हेही लिहा. नव्याने बांधणाऱ्याला तेच उपयोगी पडतं.

चिरेबंद

देशावरची, अगदी खरं. आरपार जाणारे दगड न घातलेली दोन अंगांची भिंत कुठेही धोक्याचीच. कोकणातला चिरा चौकोनी आणि भिंतीच्या रुंदीचा, छप्परही हलकं, म्हणून धोका कमी, पण मातीत बसवलेल्या भिंतीला वरून लाकडाची किंवा काँक्रीटची पट्टी नसेल तर तीही उघडते. आणि ज्यांना घर ठेवायचंय त्यांच्यासाठी: जांभ्यावर आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, गिलाव्यामागे साठते आणि दोन-चार पावसांत पोपडे निघतात. चुन्याचाच करा.

मोडीवाचक

कागदपत्रांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ग्रामपंचायतीत नमुना 8 म्हणजे घरांच्या आकारणीची नोंदवही असते. चालू उतारा कोणीही काढतं. तुम्ही जुन्या वह्या दाखवा म्हणा. घर कशाचं आहे, कोणाच्या नावावर, घरपट्टी किती, हे त्यात असतं. कुडाचं घर चिऱ्याचं कधी झालं ते आकारणी वाढलेल्या वर्षावरून हाती लागतं. गिरणगावच्या नातूने लिहिलेल्या घरांचा माग इथेच लागेल. घर गावठाणाबाहेर, शेतजमिनीत असेल तर सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार. खोती गेल्यावर आणि कूळ कायद्यात नावं बदलली त्यांचे फेरफार वाचण्यासारखे असतात. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी चालू आहे. तुमच्या गावचा नकाशा झाला असेल तर त्यावर आज उभी असलेली घरं दिसतील, पाडण्याआधीची ती एक पक्की नोंद.

जिल्ह्याचं 1880 सालचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी मिळून आहे. तेव्हाची वस्ती, जाती, मुंबईला कामाला जाणारी माणसं, सगळं त्यात आलंय. मात्र ते सरकारी अधिकाऱ्यांच्या नजरेतून आहे हे धरून वाचा.

घरातल्या पेटीत मोडी कागद असतील तर ते उलगडताना जपून. घडीवर तुटतात. इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. दिवसाच्या उजेडात, सावलीत, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कागद कोणत्या कागदाबरोबर होता तो क्रम मोडू नका. पुराभिलेख खातं मोडीची परीक्षा घेतं, ती दिलेली माणसं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, वाचून मिळेल.

सातासमुद्रापार

अमेरिकेत असते. आमच्या रत्नागिरीजवळच्या घरात सतरा हिस्सेदार आहेत आणि मीही त्यातली एक. गणपतीची पाळी सगळ्यांना हवी असते, शाकारणीचा खर्च निघाला की फोन उचलले जात नाहीत. एकाने दुरुस्ती केली तर 'हा घर बळकावतोय' म्हणतात. घर उभं असताना हेच झालं, आणि मागच्या पावसात माजघरावरचं पाखं खाली आलं. घर पडायला पाऊस नाही, आम्ही कारण आहोत. ज्यांच्या घरात अजून बोलणं चालू आहे त्यांनी दर वर्षीच्या खर्चाचं लेखी ठरवून घ्या, हक्काचा वाद वेगळा ठेवा.

मालवणी_खळा

हा धागो माझ्या बापाशीक वाचून दाखवलंय. त्येंनी लगेच सांगितल्यान, आमचो मांगर, म्हंजे गुरां-गवताची खोप, घराच्या आधीचो. घर बांधीपर्यंत सगळी मांगरात रवायची. म्हंजे आमचा खरा जुना घर मांगरच! उद्या जावन वासे बघतंय.

आगरातली

सगळ्यांच्या लिहिण्यावरून माझं काम ठरलं. आलेखाच्या वहीवर टेपने मोजून घराचा आराखडा, भिंत कशाची ते प्रत्येक भिंतीवर लिहून. वाशांचे आडव्या उजेडातले फोटो. कौलांवरचे छाप. पंचायतीतल्या जुन्या वह्या. आणि वरच्या वाडीतल्या घरांसाठी वेगळी वही, तिथल्या शाळेतल्या दोन मुली मदतीला तयार आहेत.

एकच विचारायचंय. कंत्राटदार म्हणतो सगळं एका दिवसात जेसीबीने काढतो, लाकूड तोच घेऊन जाणार. आम्हाला निदान माजघराचा सांगाडा ठेवायचाय, कुठेतरी परत उभा करू. ते जमेल?

चिरेबंद

जमेल. वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलं तसं, खुंटीवरचं काम असेल तर सुटं होतं. जेसीबी जोत्याच्या कामाला येऊ दे, लाकडाला हात लावू देऊ नका, आणि लाकूड कोणाचं हे पाडकामाच्या कागदावर आधी लिहून घ्या. उन्हाळ्यातच करा. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, आणि तुळया-खांब सर्वांत शेवटी. खुंट्या ठोकून बाहेर काढा, कापू नका. प्रत्येक लाकडावर आणि ते ज्यात बसतं त्या खोबणीपाशी एकच नंबर घाला, आणि तोच नंबर तुमच्या आराखड्यावर. लाकूड थेट जमिनीवर रचू नका, खाली चिरे द्या आणि दोन थरांत हवेला वाट ठेवा. नंबर ऑइल पेंटने घाला, खडूचे पहिल्या पावसात जातात.

वाशिष्ठीकाठ

सुतारकाकांना विचारलं. मार्चमध्ये दोन दिवस येतो म्हणाले, गाडीने न्यायला हवं फक्त. व्यक्तिगत निरोप केलाय.